हाफ-लाइफ दोन दिवसांचं आणि असर अर्ध्या तासाचा? झोपेच्या औषधांचं हे गणित कसं बसवायचं?

शिवडी_बंदर

बी. फार्म.चं तिसरं वर्ष. सध्या शामक आणि निद्राजनक औषधं चालू आहेत. पाठांतर झालंय, पण तीन ठिकाणी पुस्तकातलेच आकडे एकमेकांशी भांडतात.

पहिलं: डायझेपामचं हाफ-लाइफ (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) ४३ तास, लोराझेपामचं १४ तास. पण फिट थांबवायला शिरेतून दिलं की डायझेपामचा असर वीस-तीस मिनिटांत ओसरतो आणि लोराझेपाम बारा तास धरून ठेवतं. हे उलटं नको होतं का?

दुसरं: बार्बिट्युरेट (उदा. फिनोबार्बिटोन) आणि बेन्झोडायझेपिन (उदा. डायझेपाम) दोन्ही गाबा या मेंदू शांत करणाऱ्या रसायनाच्या गाबा-ए रिसेप्टरवरच काम करतात. मग फिनोबार्बिटोनची मात्रा चढली की श्वासाला धोका, आणि नुसत्या डायझेपामने सहसा तसं होत नाही, हे कसं? 'एकाने फ्रिक्वेन्सी वाढते, दुसऱ्याने ड्युरेशन' एवढं लिहिलं की मार्क मिळतात, पण त्यातून श्वासाचा फरक कसा निघतो ते कळत नाही.

तिसरं: लिव्हर खराब असेल तर 'लॉट' वापरा म्हणतात, म्हणजे लोराझेपाम, ऑक्साझेपाम, टेमाझेपाम. लिव्हर खराब म्हणजे सगळंच खराब ना? मग ही तिघं कशी सुटतात?

कुठली गोळी घ्यावी असा प्रश्न नाहीये, तेव्हा तसले सल्ले कृपया नकोत.

भूलथापा

पहिल्याचं उत्तर देतो. बाकीचं माझ्यापेक्षा नीट सांगणारी मंडळी इथे आहेत.

पुस्तकातलं हाफ-लाइफ हे औषध शरीरातून जाण्याचं माप आहे. असर मात्र औषध मेंदूतून गेलं की उतरतो. या दोन वेगळ्या घटना आहेत आणि डायझेपामच्या बाबतीत त्यांच्यात दिवसांचं अंतर पडतं.

मुंबईतला, पावसात तुंबणारा हिंदमाता चौक डोळ्यांसमोर आणा. जोराची सर आली की चौकात पाणी भरतं. पंप लावले की ते प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखालच्या टाक्यांत जातं. रस्ता मोकळा होतो, बस सुरू होते. पण पाणी समुद्रात गेलेलं नसतं. ते टाकीत बसलेलं असतं, पाऊस आणि भरती ओसरल्यावर सावकाश जाणार. रस्ता म्हणजे मेंदू, टाकी म्हणजे स्नायू आणि चरबी, समुद्राकडचा नळ म्हणजे लिव्हर. असर रस्त्यावर दिसतो, हाफ-लाइफ नळावर मोजलेलं असतं.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण १५ टक्के वाटा त्याला मिळतो. डायझेपाम चरबीत भलतंच विरघळतं, म्हणून शिरेतून दिल्यावर एक-दोन मिनिटांत काम सुरू. आणि ज्या गुणामुळे ते झटकन आत शिरतं, त्याच गुणामुळे झटकन बाहेर पडून स्नायूंत आणि मग चरबीत पसरतं. मेंदूतली पातळी खाली आली की फिट परत येऊ शकते, भले रक्तात औषध अजून दोन दिवस सापडू दे. भूल देण्याचं थायोपेंटोन हे या खेळाचं टोक. एका डोसनंतर रुग्ण पाच-दहा मिनिटांत डोळे उघडतो, पण औषध शरीरातून जायला तासन्‌तास लागतात.

आता दुसरी बाजू, जी परीक्षेत कुणी विचारत नाही पण वॉर्डात रोज दिसते. एका सरीला टाकी पुरते. पाऊस रोज पडायला लागला आणि टाकी भरली की रस्त्यावरचं पाणी जायला जागाच उरत नाही. डायझेपाम रोज दिलं तर असर ठरवण्याचं काम टाकीकडून नळाकडे जातं आणि तो ४३ तासांचा आकडा खरा होऊ लागतो. त्यात डायझेपामपासून लिव्हरमध्ये बनणारं नॉरडायझेपाम स्वतःच गुंगी आणणारं, त्याचं हाफ-लाइफ १०० तासांपर्यंत जातं. पातळी स्थिर व्हायला चार-पाच हाफ-लाइफ लागतात. १०० गुणिले ५ म्हणजे ५०० तास, जवळजवळ तीन आठवडे. म्हणून पहिल्या आठवड्यात 'छान झोप लागते' म्हणणाऱ्या आजी तिसऱ्या आठवड्यात दुपारीही पेंगतात आणि न्हाणीघरात तोल जाऊन पडतात. डोस तोच असतो, म्हणून गोळीवर संशय कुणाचा जात नाही.

शिवडी_बंदर

टाकीचं पटलं. पण मग एक अडचण. पुस्तकात डायझेपामचा व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्युशन १.१ लिटर प्रति किलो आणि लोराझेपामचा १.३ आहे. म्हणजे टाक्या जवळपास सारख्याच. मग लोराझेपाम मेंदूतून पसार का होत नाही?

भूलथापा

छान पकडलंत. टाकी सारखीच आहे, पंपाची नळी वेगळी आहे. व्हॉल्यूम फक्त एवढं सांगतो की सगळं पसरून झाल्यावर औषध किती दूरवर गेलं. किती वेगाने गेलं ते सांगत नाही. लोराझेपाम चरबीत तुलनेने कमी विरघळतं. मेंदूत शिरायलाही ते दोन-चार मिनिटं जास्त घेतं आणि बाहेरही रेंगाळत जातं. शिवाय रिसेप्टरला घट्ट धरतं. म्हणून फिटसाठी लोराझेपाम ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो, एका वेळी जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम, मिनिटाला २ मिलिग्रॅमपेक्षा जोरात नाही, असं दिलं की पुढचे काही तास तरी फिट परतण्याची शक्यता कमी राहते. फिटचं पुढचं औषध सुरू करायचं असतं ते असतंच.

हाफ-लाइफचं सूत्रही घालून बघा, म्हणजे मनात बसेल: ०.६९३ गुणिले व्हॉल्यूम भागिले क्लिअरन्स (ठरावीक वेळात किती रक्त औषधमुक्त होतं ते). माणूस ६० किलोचा धरू.

डायझेपाम: व्हॉल्यूम ६६ लिटर. क्लिअरन्स ०.३८ मिलि प्रति मिनिट प्रति किलो, म्हणजे तासाला साधारण १.३७ लिटर. उत्तर ३३ तास.

लोराझेपाम: व्हॉल्यूम ७८ लिटर. क्लिअरन्स १.१, म्हणजे तासाला साधारण ४ लिटर. उत्तर साडेतेरा तास.

पहिलं उत्तर ४३ ऐवजी ३३ आलं म्हणून घाबरू नका. सरासरी आकडे आहेत, माणसागणिक हलतात. बघायचं ते हे की फरक सगळा क्लिअरन्सचा आहे, टाकीचा नाही.

याच सूत्रात म्हातारपण घाला. वयाबरोबर स्नायू घटतात, चरबीचा वाटा वाढतो, डायझेपामची टाकी मोठी होते. १९७५ सालच्या एका अभ्यासात विशीतल्या माणसात हाफ-लाइफ सुमारे २० तास आणि ऐंशीच्या माणसात सुमारे ९० तास आलं. तेव्हापासून 'जितकं वय तितके तास' हा ढोबळ नियम चालत आलाय. गंमत म्हणजे त्यात क्लिअरन्स फारसं बदललेलं नव्हतं, टाकीच वाढली होती.

मधली_सुट्टी

दुसरा प्रश्न माझा. 'फ्रिक्वेन्सी-ड्युरेशन' ही ओळ खोटी नाही, पण अर्धी आहे.

गाबा-ए रिसेप्टर म्हणजे पाच प्रथिनांनी गोल करून उभं केलेलं एक दार, मधल्या भोकातून क्लोराइड आत जातो. मेंदूत सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा. गाबा बसतो अल्फा-बीटाच्या सांध्यात, आणि असे सांधे दोन. बेन्झो बसतं अल्फा-गॅमाच्या सांध्यात, असा एकच. म्हणजे बेन्झो गाबाची जागा घेत नाही, शेजारी बसून गाबाची पकड वाढवतं. क्लोराइड आत आला की चेतापेशीचं व्होल्टेज उणेकडे बांधून राहतं आणि तिला पेटायला जड जातं.

आता श्वास. बेन्झोने दार जास्त वेळा उघडतं, पण गाबा तिथे असेल तरच. गाबाच नसेल तर बेन्झो एकटं दार उघडत नाही. म्हणून त्याच्या कामाला छत आहे: मेंदू स्वतः जितका गाबा सोडतो त्याच्या जोरावर जितकं दार उघडू शकतं, तितकंच. बार्बिट्युरेट कमी मात्रेत दार जास्त वेळ उघडं ठेवतं, आणि मात्रा चढली की गाबाशिवाय स्वतःच दार उघडतं. तिथे छत उरत नाही. वर ते ग्लुटामेट या मेंदूला चेतवणाऱ्या रसायनाचे एएमपीए रिसेप्टरही दाबतं, म्हणजे ब्रेक दाबून शिवाय ॲक्सिलरेटरची वायर कापल्यासारखं. मेंदूच्या देठात श्वासाची लय चालवणाऱ्या पेशी याने बंद पडतात. तुमच्या उत्तरपत्रिकेत 'गाबाशिवायही चॅनेल उघडतं' हे तीन शब्द नसतील तर श्वासाचा मुद्दा निघतच नाही.

पण 'बेन्झो सुरक्षित' असं मात्र लिहू नका. छत आहे ते एकट्या बेन्झोला. दारू याच रिसेप्टरवर वेगळ्या जागेवरून काम करते आणि ग्लुटामेटचे एनएमडीए रिसेप्टरही दाबते. अफूवर्गीय औषधं, मग ते मॉर्फिन असो, ट्रामाडोल असो की कोडीनचं खोकल्याचं औषध, श्वासाची लय दुसऱ्याच वाटेने मंदावतात. दोन्ही एकत्र आली की छत हललंच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बेन्झो-ओपिऑइड जोडीवर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा २०१६ मध्ये टाकला तो यासाठी. आणि घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा माणूस असेल तर घशाचे स्नायू सैल पडल्यानेही अडतं. तिथे मेंदूच्या देठापर्यंत जायचीही गरज नाही.

अल्फाचे प्रकारही एकदा नीट बघा, सगळी 'झोपेची गोळी' तिथेच उलगडते. अल्फा-१ ने गुंगी आणि विसरणं, अल्फा-२ ने चिंता उतरणं, अल्फा-५ चा संबंध स्मरणाशी. हे कळलं १९९९-२००० च्या सुमारास उंदरांवर. अल्फा-१ मधलं एक हिस्टिडीन बदलून तिथे आर्जिनीन घातलं की डायझेपामने उंदीर झोपाळत नाही, पण त्याची भीती मात्र कमी होते. एका अमिनो आम्लाने गुंगी आणि चिंतामुक्ती वेगळी काढली. अल्फा-४ आणि अल्फा-६ मध्ये मुळातच तिथे आर्जिनीन आहे, म्हणून बेन्झो त्यांना लागूच होत नाही. झोल्पिडेम रचनेने बेन्झो नाही, पण बसतं त्याच सांध्यात आणि अल्फा-१ कडे त्याचा ओढा जास्त. म्हणून झोप आणतं, स्नायू सैल करण्यात आणि फिट थांबवण्यात कमी पडतं. झोपिक्लोन इतकं निवडक नाही. (ते घेणाऱ्याच्या तोंडाला सकाळी कडू, धातूसारखी चव राहते ती यामुळे नव्हे, औषध लाळेत उतरतं.)

अजून एक, कारण लोक 'झोप' आणि 'गुंगी' एकच धरतात. बेन्झोने झोप लवकर लागते, मधे कमी मोडते, दुसऱ्या टप्प्यातली झोप वाढते. पण तिसऱ्या टप्प्यातली गाढ झोप आणि स्वप्नांची झोप घटते. आठ तास झोपून 'झोप झाल्यासारखी वाटत नाही' ही तक्रार खोटी नसते.

नवी औषधं गाबाला हातच लावत नाहीत. रॅमेल्टिऑन मेलाटोनिनच्या एमटी-१ आणि एमटी-२ रिसेप्टरवर. सुवोरेक्झंट, लेम्बोरेक्झंट, डॅरिडोरेक्झंट ही मंडळी ओरेक्सिनचे रिसेप्टर अडवतात, म्हणजे झोप ढकलत नाहीत, जागेपण काढून घेतात. तुमच्या अभ्यासक्रमात एक परिच्छेद असेल, तेवढा पुरे.

काउंटरवरचे_काका

तिसरा प्रश्न औषधाच्या दुकानातला आहे, मी घेतो. शिवडीकर, 'लिव्हर खराब म्हणजे सगळंच खराब' इथेच तू चुकतो आहेस. लिव्हरमध्ये दोन खाती आहेत आणि ती एकत्र बुडत नाहीत.

पहिलं खातं सायटोक्रोमचं. ते रेणूला कापतं, ऑक्सिजन चिकटवतं. दुसरं खातं जोडणीचं: रेणूला ग्लुकुरोनिक आम्ल चिकटवायचं, की तो पाण्यात विरघळतो आणि लघवीवाटे जातो. सिरोसिसमध्ये आणि म्हातारपणात पहिलं खातं आधी बसतं, दुसरं बऱ्यापैकी चालू राहतं. तुझी ती तिघं थेट दुसऱ्या खिडकीवर जातात. लोराझेपामचं ग्लुकुरोनाइड झालं की खेळ संपला, ते निष्क्रिय असतं.

डायझेपामची फाईल बघ किती टेबलांवर फिरते. सायटोक्रोम खात्यातली दोन एन्झाइमं, सीवायपी २सी१९ आणि ३ए४, त्याचं मिथाइल काढतात, झालं नॉरडायझेपाम, चालू औषध. ३ए४ दुसऱ्या बाजूने टेमाझेपाम बनवतं, तेही चालू. दोन्हींचं पुढे ऑक्साझेपाम, तेही चालू. मग कुठे जोडणीची खिडकी. क्लोरडायझेपॉक्साइड तर आणखी दोन टेबलं आधी फिरून नॉरडायझेपामला येऊन मिळतं. दारू सोडवताना त्याचा हाच गुण कामी येतो, कारण ते स्वतःच हळूहळू उतरतं. पण दारूनेच लिव्हर गेलेलं असेल तर तेच औषध साचत जातं. तिथे लोराझेपामकडे वळतात.

बाकीच्यांचं थोडक्यात. अल्प्राझोलाम आणि मिडाझोलाम जवळजवळ पूर्ण ३ए४ च्या भरवशावर. क्लोनाझेपाम आणि नायट्राझेपाम यांच्यावर नायट्रो गट असतो, तो आधी अमिनो होतो. झोल्पिडेम मुख्यतः ३ए४, थोडं २सी९ आणि १ए२. रॅमेल्टिऑन १ए२, म्हणून १ए२ अडवणाऱ्या फ्लुव्होक्सामिनबरोबर साफ मनाई.

आता मुंबईत हे कुठे अडतं ते सांगतो. जून ते सप्टेंबर जांघेतल्या गजकर्णाचा सीझन. एक डॉक्टर इट्राकोनाझोल लिहितात, दुसऱ्यांनी वर्षभरापूर्वी अल्प्राझोलाम लिहिलेलं असतं, दोन्ही चिठ्ठ्या वेगळ्या दुकानांत जातात. इट्राकोनाझोल ३ए४ ला कुलूप लावतं आणि अल्प्राझोलामचा रक्तातला एकूण मारा २.७ पट होतो. किटोकोनाझोलबरोबर जवळपास चौपट. ०.५ ची गोळी खाल्ली, शरीराला लागली सव्वा ते दीड मिलिग्रॅमसारखी. आणि कोर्स संपला म्हणून लगेच सुटका नाही. इट्राकोनाझोल अंगात रेंगाळतं, कुलूप सुटायला एक-दोन आठवडे जातात. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही ३ए४ ला कुलूप लावतं. ॲझिथ्रोमायसिनचं मात्र नगण्य. दोन्ही नावं 'मायसिन' म्हणून एकाच पिशवीत टाकू नकोस.

याच्या उलट एकेटी, म्हणजे क्षयाचा उपचार. क्षयाच्या औषधातलं रिफाम्पिसिन ३ए४ चे कारखाने वाढवतं. झोल्पिडेमचा मारा ७३ टक्क्यांनी घटतो, तोंडाने दिलेलं मिडाझोलाम तर उरतं नावालाच. 'गोळी लागूच होत नाही' म्हणून डोस वाढतो. खरा घोटाळा नंतर: सहा महिन्यांनी एकेटी बंद होते, पुढच्या दोनेक आठवड्यांत जादा कारखाने बंद पडतात, आणि वाढवलेला डोस तसाच चालू. त्या पंधरवड्यात माणूस अचानक दिवसा झोपायला लागला तर नवीन आजार शोधत बसू नये, जुनी चिठ्ठी बघावी.

ॲसिडिटीचं ओमेप्राझोल प्रत्येक घरात. ते २सी१९ मंदावतं, म्हणजे डायझेपाम जास्त रेंगाळतं. शिवाय ज्यांचं २सी१९ जन्मतःच मंद, असे लोक आपल्याकडे युरोपपेक्षा जास्त आहेत; तिथे दोन-तीन टक्के धरतात. तेव्हा '५ मिलिग्रॅमने शेजाऱ्याला काहीच झालं नाही' हा दाखला नव्हे.

आणि गणपतीत दादरच्या बाजारात येणारं पपनस. ग्रेपफ्रूटचं भावंडच. यातले फ्युरॅनोकुमारिन आतड्याच्या भिंतीतलं ३ए४ निकामी करतात. लिव्हरचं नाही, आतड्याचं. म्हणून तोंडाने घेतलेल्या मिडाझोलामवर परिणाम, सुईने दिलेल्यावर नाही. निकामी झालेलं एन्झाइम परत बनायला दोन-तीन दिवस जातात. गोळी आणि फळ यांच्यात चार तासांचं अंतर ठेवून काही साधत नाही.

शिवडी_बंदर

काका, थेट परीक्षकाच्या डोक्यावर मारण्यासारखं उत्तर. झोल्पिडेम बायकांना अर्धं का, तेही सांगा ना. ३ए४ तर बायकांत कमी नसतं असं वाचलं.

काउंटरवरचे_काका

कारण एका एन्झाइमवर ढकलता येत नाही, पण बायकांच्या शरीरातून ते सावकाश जातं हे मोजलेलं आहे. हाफ-लाइफ अडीच तासांचं, तरी १० मिलिग्रॅमनंतर आठ तासांनी सुमारे १५ टक्के बायकांच्या रक्तात मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त सापडलं, पुरुषांत ३ टक्के. ५० च्या वर गाडी चालवणं बिघडतं. म्हणून अमेरिकेत जानेवारी २०१३ मध्ये बायकांचा डोस १० वरून ५ केला, सावकाश सुटणाऱ्या गोळीचा १२.५ वरून ६.२५. रात्री साडेबाराला गोळी घेऊन साडेसहाला स्कूटर काढून स्टेशन गाठणाऱ्याच्या हातात तर सहाच तास असतात, मग बाई असो की बुवा.

काउंटरवर दोन गोष्टी रोज सांगाव्या लागतात. एक, भरल्या पोटी घेतली तर गोळी चढायला उशीर. 'अर्धा तास झाला, काही होत नाही' म्हणून दुसरी घेतात आणि मग दोन्ही एकदम. दोन, सीआर (सावकाश सुटणारी) गोळी मोडायची नाही. तिच्यात एक थर लगेच सुटणारा, दुसरा सावकाश. मोडली की सावकाश सुटण्याची रचनाच बिघडते, पहाटेसाठी राखलेलं औषध आधीच सुटतं.

चिठ्ठी वाचताना दशांश चिन्ह बघ. '.५' असं लिहिलेलं घाईत ५ दिसतं. '०.५' लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांना फोन. यातली बरीच औषधं शेड्यूल एच-१ या सरकारी यादीतली, १ मार्च २०१४ पासून: चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत, वही तीन वर्षं सांभाळायची. खोडून दुरुस्त केलेली नोंद तपासणीला आवडत नाही.

रात्रपाळी_परळ

कॅज्युअल्टीच्या बाजूने थोडी भर.

फ्लुमाझेनिल हे बेन्झोच्याच सांध्यात बसून त्याला उठवतं. झोल्पिडेमलाही उठवतं, यावरूनच कळतं की जागा एक आहे. बार्बिट्युरेट आणि दारू यांची जागा वेगळी, तिथे ते निरुपयोगी. शिरेतून ०.२ मिलिग्रॅम, थांबून बघायचं, लागलं तर पुन्हा. सहसा एकूण १ मिलिग्रॅमपर्यंत भागतं. वर भूलथापांनी सांगितलेलं गणित इथे उलटं चावतं: फ्लुमाझेनिलचं हाफ-लाइफ तासाभराचं, अंगातल्या बेन्झोचं दहा-वीस-चाळीस तासांचं. रुग्ण उठतो, बोलतो, नातेवाईक 'घरी नेऊ का' विचारतात, आणि तासा-दीड तासाने परत मान टाकतो. त्यामुळे उठला म्हणून देखरेख सुटत नाही. जो वर्षानुवर्षं बेन्झोवर आहे, किंवा ज्याने सोबत अमिट्रिप्टिलिनसारखं ट्रायसायक्लिक (नैराश्यावरचं जुनं औषध) घेतलंय, त्याला फ्लुमाझेनिलने फिट येऊ शकते. म्हणून अनोळखी विषबाधेत ते सवयीने देत नाहीत. श्वासाची वाट मोकळी ठेवणं, ऑक्सिजन आणि वेळ, यावरच बहुतेक निभावतं.

लघवीच्या झटपट पट्टीवर फार विसंबू नका. ती बहुधा ऑक्साझेपाम किंवा नॉरडायझेपाम ओळखायला बनवलेली असते. काकांची फाईल आठवा: डायझेपाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड शेवटी तिथेच पोचतात, म्हणून सापडतात. क्लोनाझेपामचं ७-अमिनो रूप आणि लोराझेपामचं ग्लुकुरोनाइड कित्येकदा निसटतात. पट्टी निगेटिव्ह आणि समोरचा गुंगीत, यात विसंगती काही नाही.

आणि औषध बंद करताना हाफ-लाइफ फार बोलतं. रोज बेन्झो मिळाल्यावर मेंदू दार आणि सांधा यांची जोड सैल करतो, ग्लुटामेटची बाजू चढवतो. औषध अचानक काढलं की चढलेली बाजू एकटी उरते: थरथर, घाम, झोप साफ जाणं, कधी फिट. अल्प्राझोलाम ११ तासांचं, म्हणून एक-दोन दिवसांत हे सुरू होतं. डायझेपामने आठवडाभरही लागतो, कारण नॉरडायझेपाम अजून मागे उभं असतं. म्हणूनच कित्येक ठिकाणी अल्प्राझोलामवरच्या रुग्णाला आधी डायझेपामवर आणतात. ढोबळ तुलना: डायझेपाम १० मिलिग्रॅम म्हणजे लोराझेपाम १, अल्प्राझोलाम ०.५, क्लोनाझेपाम ०.५ किंवा क्लोरडायझेपॉक्साइड २५. मग दर दोन आठवड्यांनी दहा ते पंचवीस टक्के कमी, शेवटी आणखी सावकाश. हे तक्ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि म्हाताऱ्या किंवा लिव्हर खराब असलेल्या माणसाला डायझेपामवर आणणं म्हणजे भरलेल्या टाकीत पंप सोडणं. तेव्हा हे रुग्ण समोर बसवून करायचं काम, तक्ता बघून घरी करायचं नाही.

शिवडी_बंदर

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक, प्रॅक्टिकलमधलं. डायझेपामचं इंजेक्शन सलाईनमध्ये टाकलं तर दुधाळ होतं, मिडाझोलाम स्वच्छ राहतं. दोन्ही चरबीत विरघळणारी ना?

भूलथापा

डायझेपाम पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून अँप्यूलमध्ये ते प्रोपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोलमध्ये धरून ठेवलेलं असतं. सलाईनमध्ये थोडं टाकलं की द्रावक पातळ होतो आणि औषध बाहेर पडतं. तीच तुमची दुधाळी. शीर जळते ती बहुतांशी त्या द्रावकाने. दंडात किंवा कुल्ल्यात टोचलं तर शोषण बेभरवशाचं, म्हणून फिटमध्ये स्नायूत डायझेपाम देत नाहीत.

मिडाझोलामचा रेणू हुशार आहे. अँप्यूल आम्लधर्मी असते. पीएच ४ च्या खाली त्याचं एक कडं उघडतं आणि तो पाण्यात विरघळतो. रक्तात पीएच ७.४ भेटला की कडं मिटतं आणि तोच रेणू चरबीत विरघळणारा होऊन मेंदूत शिरतो. म्हणून शीर सापडत नसेल तर ४० किलोच्या वरच्या माणसाला मांडीत १० मिलिग्रॅम मिडाझोलाम चालतं. लोराझेपामची अँप्यूल मात्र फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. मे महिन्यात ट्रॉलीच्या खणात पडून राहिलेल्या अँप्यूलचा भरवसा धरू नका.